कशाचे टक्के?

आठवीच्या वर्गात शेकडेवारी सुरू करताना माझा एक ठरलेला खेळ असतो. फळ्यावर नुसतं '२४ %' लिहायचं आणि हात झटकून मुलांकडे बघत उभं राहायचं. मिनिटभर कुणी काही बोलत नाही. मग मागच्या बाकावरून एखादा विचारतो, "सर, पण कशाचे?" की मी खूश! त्या दिवशी त्याला फळा पुसायचा मान. बारामतीत गणित शिकवायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली आणि हा खेळ तेवढ्याच वर्षांचा आहे.

२०२० च्या जून महिन्यात मात्र हा प्रश्न विचारायला मीच विसरलो. त्याबद्दल लिहीन लिहीन म्हणत इतकी वर्षं गेली. आज लिहून टाकतो.

आमची आत्या इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडे एका वस्तीवर राहते. तुकोबांच्या पालखीची वाट तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन एकर ऊस, थोडं डाळिंब, दोन म्हशी, एक मुलगा, सून, दोन नातवंडं. आणि मशेरी. सकाळ-दुपार-संध्याकाळ मशेरी. आमच्याकडच्या बायकांना त्यात व्यसन वगैरे काही वाटत नाही, दात घासणं या सदरात ते मोडतं. आत्याच्या कनवटीला मशेरीची पितळी डबी नाही असं मी लहानपणापासून कधी पाहिलेलं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत तिच्या डाव्या गालात आतून एक जखम झाली. इंदापूरला दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लावायला मलम दिलं आणि "पंधरा दिवसांत भरली नाही तर परत या, तुकडा काढून तपासू" असं बजावून सांगितलं. ते बरोबरच बोलले होते. पण पंधरा दिवसांचे तीन आठवडे झाले आणि मग २४ मार्चच्या रात्री सगळा देशच बंद झाला. दातांचे दवाखाने तर सर्वांत आधी बंद, कारण रुग्णाने तोंड उघडलं की धोका समोरच. बारामतीत एप्रिलमध्ये भिलवाडा पॅटर्न आला. दुकानं बंद, भाजीपाला-किराणा घरपोच, कामाशिवाय रस्त्यावर दिसला की पोलिसांचा प्रसाद. तिकडे गावोगावच्या पोरांनी बाभळीच्या फांद्या टाकून वाटा अडवलेल्या. बारामतीहून आत्याचं घर तासाभराच्या आत येतं, पण त्या दोन महिन्यांत ते मला अमेरिकेइतकं लांब होतं.

मे महिन्यात आतेभावाने व्हॉट्सअपवर एक फोटो पाठवला. आत्या तोंड उघडून बसलेली आणि सून मोबाइलच्या टॉर्चने गालात उजेड पाडतेय. खाली त्याने लिहिलं होतं, 'भाकरी चावता येत नाही. दुधात कुस्करून खाते. तोंडपण पुरतं उघडत नाही.' फोटो बघून मला काही कळलं नाही, पण पोटात गोळा आला. ओळखीच्या एका दंतवैद्यांना विनंती करून बारामतीत दवाखाना उघडायला लावला. त्यांनी तुकडा काढला, तो पुण्याला गेला आणि मेच्या अखेरीस अहवाल आला. तोंडाचा कॅन्सर.

पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या सर्जनशी फोनवर बोलणं झालं ते ४ जूनला. तारीख लक्षात आहे, कारण आदल्या दिवशी निसर्ग वादळ येऊन गेलं होतं आणि रेंज मिळत नव्हती म्हणून मी गच्चीवर जाऊन बोललो. ते म्हणाले, "सोमवारी घेऊन या. स्कॅन करू आणि लवकरात लवकर शस्त्रक्रियेची तारीख धरू." इतकं सरळ सांगितलं होतं त्यांनी.

आणि मी म्हणालो, "बघतो, घरच्यांशी बोलून कळवतो."

झालं असं होतं की त्याच आठवड्यात सगळीकडे एक बातमी फिरत होती. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २९ मे रोजी एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चोवीस देशांतली २३५ रुग्णालयं, ११२८ रुग्ण, आणि निष्कर्ष असा की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत त्यातले २३.८ टक्के दगावले. निम्म्याहून जास्त जणांना फुप्फुसाचा त्रास झाला. मी ते वाचलं आणि हादरलो. शंभरातले चोवीस! म्हणजे चारातला एक! बासष्ट वर्षांच्या बाईला, पुण्यासारख्या रेड झोनमध्ये, आणि शस्त्रक्रियासुद्धा तोंडाची, जिथे हा विषाणू मुक्काम ठोकून असतो तिथेच.

मी आतेभावाला फोन केला आणि मास्तरी आवाजात समजावून सांगितलं की आकडे काय म्हणतायत. आषाढीपर्यंत थांबू, तोवर साथ उतरेल, मग नेऊ. (त्या दिवसांत आपण सगळेच कशा कशापर्यंत थांबणार होतो! आधी गुढीपाडवा, मग अक्षय्य तृतीया, मग पाऊस.) घरात शिकलेला मीच. आतेभाऊ म्हणाला, "तू म्हणशील तसं." गावातल्या लोकांनाही ते बरंच वाटलं असावं, कारण पुण्याला जाऊन आलेल्यांनी चौदा दिवस झेडपीच्या शाळेत राहायचं असा तेव्हा दंडक होता आणि आमच्यामुळे गावात कोरोना येईल अशी कुजबुज आधीच सुरू झाली होती. फक्त वहिनी, म्हणजे आतेभावाची बायको, एकदा फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, पण ते वाढतंय ओ." मी त्यांना धीर दिला. धीर देणं मला चांगलं जमतं.

असे पंचवीस दिवस गेले.

त्या वर्षी पालखी आली नाही. एरवी आत्याच्या घरी त्या दिवशी चूल पहाटे पेटते ती रात्री विझते. एक दिंडी ठरलेली आहे, पिठलं-भाकरी आणि ठेचा. २०२० मध्ये तुकोबांच्या पादुका ३० जूनला देहूहून एसटी बसने पंढरपूरला गेल्या. आत्याने ते टीव्हीवर बघितलं. फुलांनी सजवलेली बस, मोजके वारकरी, तोंडाला मास्क. संध्याकाळी तिने स्वतः मला फोन लावला. एका गालाने बोलत होती, शब्द नीट फुटत नव्हते.

"मास्तर, तुकोबा यष्टीत बसून गेलं रं."

"हो आत्या, बघितलं मी."

"त्यांनी न्हाई वाट बघितली साथ सरायची. मग मला कशापायी बसवून ठिवलंय?"

यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी एकादशी होती, ३ जुलैला मी गाडी काढली.

पुण्याच्या त्या डॉक्टरांना मी आकडा सांगितला. थोडा ऐटीतच सांगितला म्हणा ना, मीही वाचतो बरं का, अशा सुरात. तोंडावर मास्क, त्यावर काचेची ढाल, त्यामुळे त्यांचा चेहरा काही दिसला नाही. त्यांनी मला विचारलं, "हे चोवीस टक्के कशाचे?"

माझाच प्रश्न! आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सरसकट सगळे रुग्ण नव्हतेच. शस्त्रक्रियेच्या आधी सात दिवस ते नंतर तीस दिवस या काळात ज्यांना कोरोना झाल्याचं कळलं, फक्त त्यांचीच ती मोजणी होती. त्यातही जवळजवळ तीन चतुर्थांश शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या. म्हणजे आतडं फुटलेले, अपघात झालेले, थांबणं शक्यच नाही असे. "कोरोना अंगात असताना सुरी लावली तर काय होतं, याचं उत्तर आहे ते. आपल्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. सुरी लावायच्या दिवशी आणि नंतर जखम भरेपर्यंत यांच्या अंगात कोरोना नसेल याची व्यवस्था कशी करायची?"

मग त्यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियलबद्दल सांगितलं. घरी आल्यावर मी ते शोधून काढलं. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनल्स ऑफ सर्जरीमध्ये सगळा हिशेब मांडला आहे. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०, म्हणजे ऐन लॉकडाऊन आणि त्यातही मुंबई. जगातल्या कितीतरी संस्था ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलत होत्या, तेव्हा या लोकांनी ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. गंभीर गुंतागुंत २८ जणांना, मृत्यू एकही नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा जण पॉझिटिव्ह आले आणि सहाही जण सुखरूप राहिले. यातल्या ३७७ जणांची आधी कोविड चाचणीसुद्धा झालेली नव्हती!

या वेळी मी नीट वाचलं. निम्मे रुग्ण अठ्ठेचाळीसच्या आतले होते. साठीच्या पुढचे फक्त ६४. एकच संस्था, ती कॅन्सरसाठीच असलेली, १९४१ पासूनचा अनुभव गाठीशी. म्हणजे 'टाटात झालं, म्हणून सगळीकडे होईल' असाही अर्थ नाही. आमची आत्या त्या ६४ जणांच्या रांगेतली. पण शून्य हे शून्य असतं, आणि जूनभर मी मनात जी भीती वाढवली होती तिच्या शेजारी ते शून्य ठेवून बघताना मला माझीच लाज वाटली.

पुढचं सगळं मी जवळून पाहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कारण 'सुरक्षित शस्त्रक्रिया' म्हटलं की मला वाटायचं, काहीतरी भारी यंत्रं असतील. तसलं काहीच नव्हतं. होती ती सगळी शिस्त, आणि तीही बरीचशी आपल्या सोवळ्याओवळ्याच्या जातीची. फक्त या सोवळ्याला कारण होतं.

पहिली गोष्ट म्हणजे आत्याला दहा-बारा दिवस घराबाहेर पडायचं नाही असं सांगितलं आणि कुणी भेटायला यायचं नाही. वस्तीवर ते सोपं होतं. तिने आणि वहिनींनी शेतातल्या पंपाच्या खोलीत बस्तान हलवलं, नातवंडं बांधावरून हात हलवायची. सोबतीला एकच माणूस, आणि जो येईल तोच शेवटपर्यंत, अदलाबदल नाही. बायकांच्या वॉर्डात बाईमाणूसच हवं, म्हणून वहिनी. त्या माउलीने लग्न झाल्यापासून माहेर सोडून कुठे एकटीने रात्र काढली नव्हती.

१५ जुलैला पुण्यात पोहोचलो तर तिथे आदल्या दिवसापासून पुन्हा कडक लॉकडाऊन. ई-पासचा कागद काचेला आतून चिकटवलेला. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात आतेभावाने लिहिलं होतं, 'आईचे ऑपरेशन, अर्जंट'. त्यातला अर्जंट वाचला की मला कसंतरी होत होतं. हडपसरच्या पुढे नाक्यावर हवालदाराने तो कागद वाचला, मागे बसलेल्या आत्याकडे बघितलं आणि काही न बोलता दोरी खाली केली.

रुग्णालयात दोन वाटा होत्या. ताप-खोकलावाल्यांचं दार वेगळं, जिना वेगळा, माणसं वेगळी. दोघींचाही स्वॅब घेतला. अहवाल येईपर्यंत स्वतंत्र खोली, मग वॉर्ड. डॉक्टर-परिचारिकांच्या तुकड्या पाडलेल्या. एक तुकडी दुसरीत मिसळायची नाही, म्हणजे एकीतल्या कुणाला लागण झाली तरी दुसरी कामाला शिल्लक राहते. थिएटरमध्ये भूल देताना श्वासनळीत नळी घालायची वेळ सर्वांत धोक्याची, म्हणून तेव्हा आत अगदी दोन-तीनच माणसं, बाकी सगळे बाहेर, आणि नंतर काही मिनिटं थांबूनच आत जायचं.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच होती. गालाचा भाग काढल्यावर तिथे दुसरीकडचं मांस-कातडी बसवावी लागते. एरवी मांडीवरचा किंवा हातावरचा तुकडा घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून ते करतात. दिसायला जास्त चांगलं. पण त्याला कितीतरी तास जास्त लागतात आणि काही बिघडलं तर पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. डॉक्टर म्हणाले, साथीत आपण छातीवरचा स्नायू तिथल्याच रक्तवाहिनीसकट वर फिरवून बसवू. जुनी पद्धत आहे, भरवशाची आहे. थोडं जाड दिसेल. आतेभावाने आईला विचारलं. आत्या म्हणाली, "आता मला कुठं कांदेपोहे द्यायचेत?"

१७ जुलैला, शुक्रवारी, साडेपाच तास शस्त्रक्रिया चालली. आम्हा दोघांना आत सोडणार नव्हते. हॉटेलं बंद, चहाची टपरीसुद्धा उघडी नाही. रुग्णालयासमोरच्या झाडाखाली गाडी लावून आम्ही काचा खाली करून बसलो. भडंग खाल्लं. बोललो मात्र फारसं नाही. दुपारी वहिनींचा फोन आला, "बाहेर आणलं. श्वास सोताचा सोता घेतायत." गळ्याला भोक पाडावं लागलं नव्हतं. आतेभाऊ गाडीतून उतरला आणि रिकाम्या रस्त्यावर बराच लांब चालत गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.

आठव्या दिवशी घरी सोडलं. एरवी जास्त ठेवतात म्हणे, पण साथीत रुग्णालयातला प्रत्येक जादा दिवस म्हणजे जोखीम. वहिनी नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची ते शिकून आल्या होत्या, गळ्याजवळच्या नळीतलं पाणी मोजून वहीत लिहायलाही. ती वही अजून आहे. 'सकाळ ४० मिली, लाल. संध्याकाळ २५, पिवळट.' सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर, पण एकही दिवस चुकलेला नाही. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो डॉक्टरांना जायचा. थिएटरबद्दल आत्याला विचारलं तर ती हातवाऱ्यांनी सांगायची, आणि बोलायला लागल्यावर म्हणाली, "समदी चांदोबावर चालल्यासारखी मानसं. डोळं तेवढं दिसायचं. त्यातल्या एकीनं माझा हात धरला हुता."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तपासणीचा अहवाल आला. गालातली गाठ कडेपर्यंत स्वच्छ निघाली होती. पण मानेतून काढलेल्या ग्रंथींपैकी एकीत कॅन्सर पोहोचला होता. एका. म्हणून विकिरण उपचार आले, आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. पुण्यात सप्टेंबरमध्ये साथीने कळस गाठला आणि नेमकं तेव्हाच आत्या आणि वहिनी हडपसरला एका नातेवाइकांच्या रिकाम्या खोलीत राहून रोज रुग्णालयात जात होत्या. दोघींनाही काही झालं नाही. ते कसं, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या एका ग्रंथीचा प्रश्न मी पुढे कितीतरी दिवस डोक्यात घोळवला. ती फेब्रुवारीत होती? मेमध्ये? की त्या पंचवीस दिवसांत...? एका तपासणीच्या वेळी बाकीचे बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारून टाकलं. ते म्हणाले, एका माणसाच्या बाबतीत हे कुणालाच सांगता येत नाही. हजार माणसांच्या बाबतीत सांगता येतं. मी पुढचं विचारलं नाही. हजारांचं उत्तर मला ठाऊक होतं.

नंतर २०२१ मध्ये आलेले आकडे वाचले. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ४१ केंद्रांचा हिशेब आहे. मार्च ते मे २०१९ मध्ये नव्याने नोंदलेले रुग्ण १,१२,२७०, २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७ वर. कॅन्सर काही त्या तीन महिन्यांत निम्मा झाला नव्हता. ही जी साठ हजार माणसं आली नाहीत, त्यांच्यापैकी कितींच्या वाटेत बाभळीच्या फांद्या होत्या, कितींकडे गाडी नव्हती, आणि कितींच्या घरात माझ्यासारखा एखादा शिकलेला होता, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

असो.

आता पाच वर्षं उलटून गेली. आत्याचा डावा गाल जाड दिसतो आणि तोंड दोन बोटं उघडतं. भाकरी अजून दुधातच. मशेरी सुटली ती सुटलीच, डबीत आता सेफ्टी पिना असतात. २०२२ ला पालखी पुन्हा वाटेवर आली तेव्हा तिने चुलीपुढून उठायचं नाव घेतलं नाही. मला टीव्हीवरून केलेल्या त्या फोनची आठवण तिने कधी काढलेली नाही. पंचवीस दिवस कुणाच्या सांगण्यावरून गेले, हे तिला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. वहिनींना माहीत आहे.

तपासणीला न्यायला मी दर वेळी गाडी काढतो म्हणतो. ती ऐकत नाही. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर नाहीच नाही. सकाळची स्वारगेट गाडी पकडते, खिडकीजवळ बसते आणि भिगवण गेलं की फोन करते, "मास्तर, यष्टीत हाय. बसायला जागा घावलीया."